गल्लीचं काम: आधी कुणाला भेटायचं, मग कुणाला

कोपऱ्यावर कचरा साचतो, ओढ्याकडचे दोन दिवे बंद असतात, फुटपाथवरून म्हाताऱ्या माणसांना चालता येत नाही. मग सोसायटीतली चार उत्साही मंडळी एकत्र येतात, फोटो काढतात, निवेदन लिहितात, एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात आणि एक नगरसेवकांकडे देतात. काही दिवसांनी गाडी येऊन कचरा उचलून नेते. पुढच्या आठवड्यात कोपरा पुन्हा भरतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू होतं, "या लोकांचं काही होणार नाही." हे लोक म्हणजे नेमके कोण, हे मात्र कुणीच जाऊन पाहिलेलं नसतं.

असं होताना मी पुण्यात पुष्कळदा पाहिलंय, दोनदा स्वतः केलंय. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. निवेदन आधी जातं आणि ज्यांच्याबरोबर काम करायचं ती माणसं नंतर भेटतात, तीही भांडणात. म्हणून खाली क्रम लावून दिला आहे. डोळ्यांसमोर एकच उदाहरण ठेवू: एका बाजूला सोसायटी, समोर वस्ती, मधून रस्ता, रस्त्याच्या टोकाला कचऱ्याचा कोपरा आणि मागे ओढा. पर्वती, येरवडा, गोखलेनगर, औंध, कुठेही अशी जागा सापडेल.

टप्पा १: जागा बघा, तीही तीन वेळांना

दोन आठवडे फक्त बघायचं. पहाटे सहा ते साडेसात, भर दुपारी आणि रात्री दहानंतर. हातात वही ठेवा, मोबाईलचा कॅमेरा खिशातच राहू द्या. कचरा टाकणाऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की ते घर पुढची पाच वर्षं तुमच्याशी बोलणार नाही.

वहीत काय येतं ते पाहा. सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला निघणाऱ्या बाईच्या हातात पिशवी असते, कारण कचरा घ्यायला येणारी ताई आठला येते आणि तोवर हिच्या घराला कुलूप लागलेलं असतं. रात्री अकराला बंद होणाऱ्या पोळीभाजी केंद्राचा ओला कचरा कुणी घेतच नाही. भाड्यानं राहणाऱ्या मुलांना कचऱ्याची वेळच माहीत नसते. आणि हो, एखाद्या सोसायटीचा वॉचमनही रात्री हळूच पिशवी ठेवून जातो. महापालिकेच्या भाषेत हा एकच 'क्रॉनिक स्पॉट', म्हणजे कायम कचरा साचणारी जागा, पण कारणं चार. चारही कारणांवर एकच पाटी लावली जाते: 'येथे कचरा टाकू नये'. पाट्यांवर आपल्या शहराचा फार विश्वास. कचरा बहुधा बरोबर पाटीखालीच पडतो.

याच दोन आठवड्यांत जागा कुणाची आहे ते शोधा. सगळं महापालिकेचं असतं हा समज सोडा. मुठा उजवा कालवा आणि त्याच्या कडेची जमीन जलसंपदा विभागाची. रस्त्यावरचे दिवे महापालिकेच्या विद्युत विभागाचे, पण विजेचा डीपी महावितरणचा. खडकी किंवा पुणे कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत गेलात की कार्यालयच वेगळं. वस्तीची जमीन महापालिकेची, सरकारी किंवा खासगीही असू शकते. जुन्या हद्दीत मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात मिळते. २०१७ आणि २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांत अजून सातबारा पाहावा लागतो. विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण किंवा रस्तारुंदी आहे का, तेही बघा. रुंदीकरणात जाणाऱ्या पट्ट्यावर बाक बसवणारे लोक मी पाहिलेत.

सावधान: ओढ्याकडेची जागा असेल तर पाण्याचा विचार आधी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरानं काय केलं ते काठावरच्या घरांना विचारा. ओढ्याच्या पात्रात भराव, भिंत, कट्टा असलं काहीही सुचवू नका. त्या काठावरची माणसं तुमच्याकडे संशयानं बघतील, आणि ते बरोबरच असेल.

टप्पा २: माणसांची यादी करा, पदांची नको

यादी करायला बसलं की हात आपोआप चेअरमन, नगरसेवक, सहायक आयुक्त असं लिहायला लागतो. तो कागद बाजूला ठेवा. पहिला प्रश्न असा: ही जागा रोज कोण वापरतं? दुसरा: काम झाल्यावर कुणाची गैरसोय होईल?

हा दुसरा प्रश्न आम्ही एकदा विचारला नाही. कोपरा साफ करून घेतला, रोपं लावली, हिरवी जाळी बसवली, फीत कापली. तीन आठवड्यांत जाळी वाकलेली आणि रोपं वाळलेली. चौकशी केल्यावर कळलं, कचरावेचक बायका त्याच जागी बसून सुका कचरा वेगळा करत होत्या आणि इस्त्रीवाल्याची गाडी तिथेच सावलीत उभी राहायची. दोघांनाही आम्ही न विचारता हलवलं होतं. त्यांनी जाळी मोडली असं मी म्हणत नाही. पण कुणी मोडत असताना "अहो, राहू द्या" म्हणावं, असंही त्यांना वाटलं नव्हतं.

यादीत हे लोक हवेतच:

- घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई. कोणत्या घरातून काय येतं हे त्यांच्याइतकं कुणालाही माहीत नसतं. त्यांना पहिला प्रश्न: वर्गीकरण करायला जागा कुठे मिळेल?
- वस्तीतले बचत गट, अंगणवाडी सेविका, आशा. महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूह संघटिका या गटांना नावानिशी ओळखतात. वस्तीत पाऊल ठेवण्याआधी त्यांना भेटा.
- गणेश मंडळ. गल्लीत दोन असतील तर दोन्ही.
- हातगाडीवाले, भाजीवाले, इस्त्रीवाला, रिक्षा थांबा.
- ज्येष्ठ नागरिक संघ किंवा विरंगुळा केंद्र. दिवसा घरी असतात, पत्रं लिहितात, पाठपुरावा सोडत नाहीत.
- सफाईवर देखरेख करणारे महापालिकेचे आरोग्य निरीक्षक आणि मुकादम. यांच्याबद्दल पुढे.

फेरीवाल्यांबद्दल एक गोष्ट आत्ताच. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "आधी या गाड्या हटवा." पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य स्वतः पथविक्रेते असतात, आणि प्रमाणपत्र असलेल्याला नोटीस न देता हटवता येत नाही. शिवाय संध्याकाळी गाडीवर दिवा असतो, माणसं असतात, म्हणून मुली त्या बाजूनं जातात. गाडी कुठे उभी राहील हे गाडीवाल्याबरोबर बसून ठरवा.

तपासा: यादीत किमान तीन नावं अशी हवीत ज्यांच्याशी तुम्ही आजवर एक शब्दही बोललेला नाहीत. नसतील तर यादी अपुरी आहे.

टप्पा ३: पहिल्या भेटी, रिकाम्या हातानं

भेटीचा क्रम: आधी वापरणारे, मग मंडळ आणि बचत गट, मग सोसायटीची समिती, मग मुकादम आणि आरोग्य निरीक्षक. अधिकारी आणि नगरसेवक अजून लांब आहेत.

दोघांनीच जा. पाचजणांचा घोळका वस्तीत शिरला की सर्व्हे आला असं वाटतं, आणि सर्व्हे म्हटलं की पुनर्वसन, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, घर जाणार की राहणार अशी चर्चा दहा मिनिटांत सगळीकडे पसरते. म्हणून घरं मोजू नका, आधार कार्ड पाहू नका, सह्या घेऊ नका. पहिल्या भेटीत कोऱ्या कागदावर सही मागणं ही मला माहीत असलेली सगळ्यात महागडी चूक आहे.

वेळ त्यांची. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन-अडीचनंतर भेटतात. मंडळाची मुलं रात्री नऊनंतर. सोसायटीचे सेक्रेटरी रविवारी सकाळी. गणपतीच्या दहा दिवसांत आणि त्याआधीच्या वर्गणीच्या धावपळीत मंडळाकडे कामाचं काढूच नका. आरतीला मात्र जा. पालख्या मुक्कामी असतात त्या दोन दिवसांतही तेच.

बोलायचं काय? "ताई, सकाळी तुम्ही किती वाजता निघता? कचरा घ्यायला येतात तेव्हा घरी कुणी असतं का?" एवढं पुरतं. "आम्ही तुमच्यासाठी काहीतरी करायचं ठरवलंय" हे वाक्य तोंडातून निघालं की भेट संपली. जी बाई तुमच्याच स्वयंपाकघरात काम करते तिच्याशी तर जास्तच जपून. तिथे ती नाही म्हणू शकत नाही. म्हणून हा विषय तिच्या दारात काढा, तुमच्या ओट्यापाशी नको.

सोसायटीत अडचण वेगळी. चेअरमन व्यक्तिशः 'हो' म्हणतात आणि समितीत विषय येताच 'बघू' होतं. गेटसमोरची जागा, पाण्याचा नळ किंवा विजेचं कनेक्शन वापरायचं असेल तर व्यवस्थापक समितीचा लेखी ठराव घ्या. समिती बदलली तरी ठराव राहतो.

मुकादमांना मात्र साहेबांच्या आधी भेटा, सकाळी, हजेरीच्या वेळी, चहाच्या टपरीवर. झाडणकाम कधी होतं, गाडी कोणत्या फेरीला येते, ती का चुकते हे ते पाच मिनिटांत सांगतात. त्यांच्या तोंडून कळलेलं कारण निवेदनात त्यांचं नाव घालून लिहू नका. एकदा कुणीतरी तसं केलं, आणि त्या भागात पुढे मुकादम आमच्याशी फक्त पावसावर बोलायचे.

टप्पा ४: एक छोटं काम, पैसे न लागणारं

भेटी झाल्या की लगेच बैठक नको. आधी असं काम करा ज्यात दोन्ही बाजूंचं काहीतरी जातं आणि पंधरा दिवसांत फळ दिसतं. आमच्या उदाहरणात: सकाळी लवकर निघणाऱ्या घरांचा कचरा सोसायटीच्या गेटमधल्या बादल्यांत ठेवायचा आणि ताई आल्या की वॉचमननं तो द्यायचा. बादल्या सोसायटीच्या, त्या धुण्याची पाळी बचत गटाची. एवढ्यानंच कोपऱ्यावरचा निम्मा कचरा थांबला होता, आणि मुख्य म्हणजे वॉचमन आणि वस्तीतल्या बायका एकमेकांना नावानं ओळखू लागल्या.

'श्रमदान' म्हणून रविवारी हातमोजे घालून फोटो काढायची सवय आवरा. साफ केलेला कोपरा सोमवारी पुन्हा भरला की सगळ्यांचाच हिरमोड होतो.

टप्पा ५: बैठक

आता बसा. जागा कोणत्याही एका गटाची नसावी: महापालिकेची शाळा, समाजमंदिर, विरंगुळा केंद्र. एका मंडळाच्या मंदिरात बैठक ठेवली तर दुसरं मंडळ येत नाही, आणि सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ठेवली तर वस्तीतल्या बायका दारापाशीच उभ्या राहतात. खुर्च्या कमी असतील तर सगळेच सतरंजीवर.

विषय तीनच ठेवा. पार्किंग निघालं की वहीत वेगळ्या पानावर लिहून घ्या आणि पुढे चला. पार्किंगवर सुरू झालेली बैठक पार्किंगवरच संपते. शेवटी कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत हे मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्याच रात्री ग्रुपवर टाका. ग्रुपवर नसलेल्यांना दुसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन सांगा.

या टप्प्यावर हमखास कुणीतरी म्हणतं, "आपण संस्थाच रजिस्टर करू." थांबा. १८६० च्या कायद्याखाली संस्थेला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात मग सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद, दरवर्षी हिशेब तपासणी, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. गल्लीच्या कामाला एवढं लागत नाही. दोन वर्षं एकत्र काम झालं आणि मोठा पैसा दिसायला लागला की तेव्हा बघू.

तपासा: बैठकीत सर्वांत जास्त वेळ कोण बोललं? सोसायटीतले दोन पुरुष असतील तर पुढची बैठक दुपारी, बचत गटाच्या दारात घ्या.

टप्पा ६: आता कागद

निवेदन लिहायची वेळ इथे येते. एका निवेदनात एक काम, एक खातं. दिवे विद्युत विभागाला, चेंबर मलनिस्सारणला, फांद्या उद्यान विभागाला, रस्ता पथ विभागाला. सगळं एकाच पत्रात लिहिलं की ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं. वृक्षतोड तर सोडाच, फांदी छाटायलाही परवानगी लागते हे सोसायट्यांना वारंवार सांगावं लागतं.

पत्राची मांडणी अशी ठेवा:

- पहिल्या दोन ओळींत नेमकी जागा: खांबाचा क्रमांक, जवळची खूण.
- मागणी एका वाक्यात.
- आम्ही काय करणार, हे त्यानंतर लगेच. "बादल्या आणि वॉचमनची व्यवस्था सोसायटी करेल, सकाळची पाळी बचत गट सांभाळेल, महापालिकेनं गाडीची वेळ सहा वाजता करावी." अशा पत्राला अधिकारी वेगळ्या नजरेनं बघतात, कारण त्यात त्यांचं काम नेमकं आणि लहान असतं.
- खाली दोन्ही बाजूंच्या सह्या: चेअरमन आणि बचत गटाच्या अध्यक्षा, मंडळाचे कार्याध्यक्ष आणि एखादे पथविक्रेते.

पत्र आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेलं पत्र म्हणजे दिलेलं पत्र नव्हे. मग तीच प्रत घेऊन शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंत्याला भेटा आणि जागेवर यायची विनंती करा. ते आले की वस्तीतल्या बायकांना बोलू द्या, तुम्ही मागे राहा.

क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला समितीच्या बैठका होतात. आपल्या कार्यालयाची तारीख विचारून घ्या आणि आवक क्रमांकासह प्रश्न मांडा. पहिल्याच बैठकीत आवाज चढवू नका. सहाव्या बैठकीतही तुम्ही येताय हे दिसलं की काम पुढे सरकतं.

माहितीचा अधिकार हे हत्यार चांगलं आहे, पण ते या टप्प्यावर काढू नका. १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. हे सगळं लक्षात ठेवा आणि पाठपुरावा करूनही उत्तर मिळालं नाही तर वापरा. ज्या अभियंत्याला तुम्ही काल चहा पाजलात त्याला आज न सांगता अर्ज टाकलात, तर उत्तर मिळेल आणि अभियंता जाईल. आधी तोंडी सांगा: "साहेब, तारीख उलटली, आता अर्ज करावा लागेल." बऱ्याचदा अर्जाची गरजच उरत नाही.

टप्पा ७: नगरसेवक, चारही

पुण्यात एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडून येतात, आणि ते एकाच पक्षाचे असतील असं नाही. चौघांनाही एकच पत्र, एकाच दिवशी द्या. एकाला आधी कळलं तर बाकीच्यांच्या दृष्टीनं ते त्याचं काम होतं. उद्घाटनाच्या फलकावर कुणाचं नाव आधी, हा प्रश्न येणारच. त्यावर तुमचा गट मत देत नाही असं पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.

सगळी मदार एका नगरसेवकावर ठेवू नका. मार्च २०२२ नंतर बराच काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ज्या गल्ल्यांची ओळख फक्त 'आपल्या भाऊंशी' होती त्यांना तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात कुणी ओळखतही नव्हतं.

टप्पा ८: पैसा

महापालिकेचा पैसा हवा तर अंदाजपत्रकाचं वेळापत्रक ओळखा. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून पुढच्या वर्षासाठी छोटी कामं सुचवून घेतली जातात. अर्जाची मुदत साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते, तारीख जाहीर होते. मुदतीच्या आधीच अभियंत्याकडून ढोबळ खर्च काढून घ्या, कारण खर्च नसलेली सूचना चाळणीत गळते. नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची अंदाजपत्रकात 'स' यादी असते, तिच्यातूनही लहान कामं होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवं काम मागू नका, तेव्हा कार्यालयात फक्त बिलं असतात.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी ऐकायला गोड वाटतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, पण तो पैसा गल्लीच्या गटाला थेट मिळत नाही. राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. म्हणजे आधीच नोंदणी असलेली, तुमच्या भागात काम करणारी संस्था सोबत घ्यावी लागते, आणि तिच्याशी लेखी ठरवावं लागतं: खर्च कोण मंजूर करणार, फलक कसला लागणार, तीन वर्षांनी काय.

वर्गणी काढलीत तर सगळ्यांकडून, वस्तीतूनही, परवडेल तेवढी. दहा रुपये दिलेला माणूस हिशेब विचारू शकतो. हिशेब दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लावा.

टप्पा ९: काम सुरू झाल्यावर

कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या लेखी आदेशाची, प्रत मागून घ्या. त्यात लांबी-रुंदी, मुदत आणि दोषदायित्व कालावधी असतो. ठेकेदारानं त्या काळात दुरुस्ती फुकट करायची असते, आणि हे माहीत नसल्यानं लोक उखडलेल्या ब्लॉकसाठी पुन्हा नवं निवेदन देतात. रोज एकजण जागेवर जाईल अशी पाळी लावा. ठेकेदाराच्या माणसांशी वाद घालू नका, चूक दिसली तर फोटो आणि मोजमाप अभियंत्याला पाठवा.

खोदाई सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हातगाडीवाल्यांना पर्यायी जागा दाखवलेली असावी. हे राहिलं तर मागचे आठ टप्पे एका सकाळीत वाया जातात.

टप्पा १०: बदली होते तेव्हा

अभियंता बदलतो, आरोग्य निरीक्षक बदलतो, सोसायटीची समिती बदलते, मंडळाचा अध्यक्ष बदलतो. नवा माणूस आला की पहिल्या पंधरवड्यात तिघांनी जाऊन भेटायचं: एक सोसायटीतला, एक वस्तीतली, एक मंडळाचा. तक्रार न्यायची नाही. एक पातळ फाईल न्यायची: पहिलं निवेदन आवक क्रमांकासह, समितीचा ठराव, कार्यादेशाची प्रत, पाळीचा तक्ता आणि सध्या कोण काय सांभाळतं याचं एक पान. फाईलच्या तीन झेरॉक्स करून तीन वेगळ्या घरांत ठेवा, आणि त्यातली एक वस्तीतच राहील असं बघा. आमची एकुलती एक फाईल सेक्रेटरींबरोबर अमेरिकेला मुलाकडे गेली होती, सहा महिन्यांसाठी.